भिंतीला ओल, कपाटाला बुरशी : गणपतीच्या आधी रंग द्यावा का?

चौथा_मजला
मंडळी, जरा मार्गदर्शन हवं आहे.

कोल्हापुरात कळंबा रोडला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. वर गच्ची नाही, अजून एक मजला आहे. इमारत दहा-बारा वर्षांची. जून सरत आला की पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत बिघडायला लागते. खिडकीखालच्या कोपऱ्यात पुट्टी फुगते, बोटानं दाबली की पोपडा हातात. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण परवा त्याच भिंतीला टेकून असलेलं लाकडी कपाट झाडायला म्हणून पुढं ओढलं, तर मागं सगळीकडं काळे-हिरवे ठिपके. कपाटाच्या पाठीच्या प्लायवरही तेच. आतल्या साड्यांना कुबट वास, ह्यांच्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव.

रंगारी म्हणतो, खरवडून डॅम्पप्रूफचा एक हात आणि वर लस्टरचे दोन हात मारू, गणपतीच्या आत चकाचक करून देतो. सासूबाई म्हणतात, खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवा. हे म्हणतात, बाहेरच सगळं पाणी आहे तर उघडून काय मिळणार, बंद ठेवा. शेजारच्या काकूंनी डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं मशीन) घेतलाय आणि त्याच्या टाकीत साठलेलं पाणी त्या येईल त्याला दाखवतात.

यातलं कुणाचं ऐकू? घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, पावसाळ्यात त्याची सर्दी हटत नाही, म्हणून काळजी जास्त.

पेठेतला_पैलवान
कपाट परत भिंतीला लावा की ओ. दिसायचं बंद, प्रश्न मिटला.
(हलकं घ्या.)

ओळंबा
आधी रंगाऱ्याला थांबवा. ओल्या भिंतीवर कुठलाही रंग टिकत नाही, डबा कितीही महागाचा असो. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत असतं, रंगाचा पापुद्रा त्याला अडवतो, मग ते पापुद्र्यालाच ढकलतं. पाणी शिरतंय बाहेरून आणि औषध आतून, असा तो उपचार आहे. गणपतीत भिंत छान दिसेल, पुढच्या जुलैत पुन्हा इथंच धागा काढाल.

पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. त्यासाठी काही गोष्टी सांगा. मार्च-एप्रिलमध्ये ही भिंत खडखडीत वाळते का? त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे, बाथरूम की मोकळी हवा? वरच्या मजल्याचं बाथरूम तुमच्या या खोलीवर येतं का? भिंतीत पाण्याचा किंवा एसीचा पाइप आहे का?

पावसाळ्यात वाढते आणि दिवाळीनंतर वाळते ती बाहेरच्या पावसाची ओल. भर उन्हाळ्यातही दमट राहते ती पाइपाची. जमिनीपासून वर चढते, साधारण कमरेपर्यंत, आणि वरच्या कडेला पांढरा लोणा फुलतो, ती जोत्यातून चढलेली. ही तिसरी तळमजल्यावाल्यांची, तुम्हाला लागू नाही.

एक सोपी परीक्षा. भिंत कोरड्या फडक्यानं पुसून वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. एक खिडकीखाली, एक कपाटामागं. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर खोलीतली वाफ गार भिंतीवर बसतेय. माझा अंदाज, तुमच्या एकाच भिंतीला दोन वेगळी दुखणी आहेत.

चौथा_मजला
@ओळंबा, धन्यवाद. उन्हाळ्यात वाळते. पोपडे तसेच राहतात, पण हाताला कोरडे लागतात. पलीकडं मोकळी हवा, समोर शेत होतं, आता प्लॉट पडलेत. पाइप नाही. फॉइल आज लावते.

सुमाक्का
आमच्या आईच्या घरी दर अमावास्येला कपाट रिकामं करून त्यात कडुलिंबाचा पाला आणि वेखंड ठेवायचे. संध्याकाळी ऊद. कधी बुरशी बघितली नाही. आता सगळं केमिकल झालंय.

हिशोबनीस
@सुमाक्का, कडुलिंब-वेखंडानं कसर दूर राहते हे खरं, पण दोन्ही पाणी शोषत नाहीत. ऊदही नाही. उदानं कुबट वास झाकला जातो एवढंच. तुमच्या आईच्या घरी बुरशी नव्हती ती दर अमावास्येला कपाट रिकामं व्हायचं म्हणून. आतला कपडा न् कपडा महिन्यातून एकदा हवेला लागायचा.

सुमाक्का
म्हणजे आई बरोबरच होती की.

हिशोबनीस
हो. :)

गगनबावडेकर
तुम्ही शहरातली माणसं ओल कशाला म्हणता ते वाचून करमणूक झाली. आमच्याकडं जुलैत धुकं खिडकीतून आत येऊन खुर्चीवर बसतं. काडेपेटी डब्यात, डबा चुलीच्या कडेला, तरी तिसरी काडी पेटते. कोल्हापुरात आलो की आम्हाला राजस्थानात आल्यासारखं वाटतं.

पेठेतला_पैलवान
@गगनबावडेकर, नाद खुळा!

मिरजेची_तार
खिडक्या उघड्या की बंद यावर आमच्या घरातही दर वर्षी भांडण होतं. कुणीतरी एकदाचं शास्त्रीय सांगा. माझ्याकडं तबला-डग्गा आणि तंबोरा आहे, जुलैत डग्ग्याची शाई सुटायला येते, पुडी सैल पडते.

हिशोबनीस
खिडकीचं गणित मांडतो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

हवेत किती पाणी मावतं हे तापमानावर असतं. कोल्हापुरात पावसाच्या दिवशी बाहेर २२ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरू. म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण १८ ग्रॅम पाणी. हीच हवा घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापली तर तिची क्षमता जवळपास २६ ग्रॅमवर जाते. पाणी तेवढंच, १८. म्हणजे आर्द्रता ७१ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळं "बाहेर पाणीच पाणी, खिडकी कशाला उघडायची" हे पूर्ण खरं नाही. घर बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर खिडकी उघडून फायदा होतो, पण ७० च्या खाली फारसं जाता येत नाही. बुरशीला मात्र भिंतीच्या पृष्ठभागाशी ७०-८० टक्के मिळाले तरी पुरतं. खोली ६० च्या खाली ठेवली तर ती वाढत नाही.

आता घरात आपण स्वतः किती पाणी सोडतो ते बघा. गॅस जळताना वाफ तयार होते हे आपण विसरतो. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी होतं. १४.२ किलोचा सिलिंडर संपला म्हणजे बावीस-तेवीस लिटर पाणी स्वयंपाकघराच्या हवेत गेलं. भात-आमटीची वाफ वेगळी. पण सिलिंडर दोन महिने पुरतो, म्हणजे रोजचं तिसरा हिस्सा लिटर. घाबरायचं ते कपड्यांना. मशीनमधून पिळून काढलेल्या एका खेपेत दोनेक लिटर पाणी असतं. ते कपडे बेडरूममध्ये दोरीवर टाकून पंखा लावला की सगळं त्याच खोलीच्या हवेत. @चौथा_मजला, कपडे कुठं वाळवता?

थोडक्यात : झड आत येत नसेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा. स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट चालू, दार बंद. झड असेल तेव्हा वाऱ्याकडची बंद. डीह्युमिडिफायर लावणार असाल तर मात्र सगळं बंद. खिडकी उघडी ठेवून तो लावला तर तुम्ही कळंबा तलाव उपसताय.

चौथा_मजला
कपडे त्याच बेडरूममध्ये. :( बाल्कनीत झड येते ना.

झणझणीत
@चौथा_मजला, सगळ्या कोल्हापूरचे कपडे जुलैत बेडरूममध्येच असतात. आमच्याकडं तर पाहुण्यांनी हॉलमध्ये बसताना टॉवेल बाजूला सारून टीव्ही बघायचा असतो.

माझा उपाय : कपडे बाथरूममध्ये, दार लावून, एक्झॉस्ट चालू. दाराखाली फट हवी, नाहीतर पंखा हवा खेचणार कुठून. जीन्स वाळत नाही, बाकीचं वाळतं. जीन्स पावसाळ्यात धुऊ नये असं माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

शुक्रवारातला_वाडा
आमचं घर जुनं, खाली काळा दगड, वर मातीत बांधलेल्या विटा. आजोबांच्या वेळेपर्यंत भिंतींना चुन्याचा गिलावा आणि दर वर्षी दिवाळीआधी सफेदी. तेव्हाही ओल यायची, पण हिवाळ्यात निघून जायची. नंतर कुणीतरी "पक्कं" करायचं म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला. तिथून पुढं ओल गेलीच नाही. तीन फुटांवर होती ती सहा फुटांवर चढली. आता एकेक भिंत सिमेंट काढून परत चुन्यात करून घेतोय. चुन्यातून भिंत श्वास घेते.

माझं मत, सिमेंट आणि प्लास्टिक रंग हेच सगळ्याचं मूळ. चौथा मजला असो की तळमजला.

ओळंबा
@शुक्रवारातला_वाडा, तुमच्या घरापुरतं शंभर टक्के बरोबर. मातीच्या, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारणं म्हणजे आतलं पाणी कोंडणं. खालून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायची जागा मिळाली नाही की ती आणखी वर जाते. तुमच्या भिंतीनं तेच केलं. आणि ओल्या चुन्यावर बुरशी धरत नाही हेही खरं, इतका तो अल्कली असतो. सफेदीत नीळ आणि डिंक घालायचे, कुणी मोरचूदही घालायचे, हे मोरचूद मात्र बुरशीसाठी. मोरचूद विषारी आहे, लहान मूल असलेल्या घरात नको.

पण @चौथा_मजलांच्या आरसीसी फ्रेममधल्या सिमेंटच्या भिंतीला आतून चुना लावून बाहेरचा पाऊस थांबणार नाही. पश्चिमेची भिंत आहे, आपला पाऊस नैऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो, समोर अडवायला काही नाही. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढ्या चिरा असल्या तरी वारा त्यातून पाणी आत दाबतो. बीम आणि विटांच्या भिंतीचा सांधा, खिडकीच्या चौकटीची कड, खिडकीखालचा कठडा, या तीन जागा आधी बघायच्या. कठड्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का? बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतं. पाणी कठड्यावर थांबतं आणि चौकटीखालून आत येतं. खिडकीखालच्या कोपऱ्यातच फुगतंय म्हटल्यावर मला तेच दिसतंय.

शुक्रवारातला_वाडा
मान्य. पण प्लास्टिक रंगावरचा राग कायम.

शाहूपुरी_तळमजला
आमची ओल वेगळ्या जातीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी आलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या गल्लीत आता पाचवीतल्या पोरालाही पाठ आहे.

२०१९ ला पाणी उतरल्यावर गल्लीत निम्म्या लोकांनी दिवाळीपर्यंत रंग उरकून घेतला. संक्रांतीपर्यंत सगळ्यांचे पोपडे पडले. आमच्या गवंड्यानं एक ढोबळ हिशोब सांगितला होता : भिंतीची जाडी जितके इंच तितके महिने वाळायला. नऊ इंची भिंत म्हणजे पुढचा उन्हाळा गाठायचा. आम्ही फुगलेला गिलावा विटेपर्यंत पाडून भिंती तशाच उघड्या ठेवल्या. पाहुणे विचारायचे, काम अर्धवट का सोडलं? मार्चमध्ये दुपारची हवा कोरडी ठक्क असते, खरी भिंत तेव्हा वाळते.

पार्टिकल बोर्डचं कपाट गेलं ते गेलंच. कापसाच्या गाद्या टाकल्या. सागवानी देव्हारा, लोखंडी कपाट, स्टीलचं मांडणी-फडताळ वाचलं. तेव्हापासून तळमजल्यात प्लायवूड घ्यायचं नाही असा घरचा कायदा आहे.

बापट_कॅम्प
शाडूची मूर्ती पावसाळ्यात वाळवतात कशी ते आमच्याकडं येऊन बघा. लोकांना वाटतं, बल्ब लावला, शेगडी लावली की काम झालं. नुसती उष्णता दिली की वरचा थर आधी वाळतो, आत ओल राहते आणि मूर्ती तडकते. आम्हाला लागते हवा. पंखा लांबून, हळू, दिवसरात्र. आणि मूर्ती भिंतीला चिकटवून ठेवायची नाही, चारी बाजूंनी वारा गेला पाहिजे. दोन मूर्ती जवळ ठेवल्या तर मधली बाजू ओलीच राहते.

तुमच्या कपाटाचं तेच आहे ताई. चार-सहा इंच पुढं घ्या, तळाला ठोकळे द्या, म्हणजे खालून हवा शिरेल.

ओळंबा
@बापट_कॅम्प, एका प्रतिसादात माझं अर्धं काम केलंत.

दवाखाना_बंद
मी डॉक्टर आहे, पण इथं औषध लिहून देणार नाही. थोडं सर्वसाधारण.

ओलसर घर आणि मुलांचा दमा, खोकला, नाकाची ॲलर्जी यांचा संबंध आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मुलाची सर्दी बुरशीमुळंच आहे असं इथून सांगता येणार नाही. घराबाहेर दोन-चार दिवस राहिला की बरा होतो का, रात्री-पहाटे खोकला वाढतो का, शिट्टीसारखा आवाज येतो का, हे टिपून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर त्याला त्या खोलीत झोपवू नका.

२०२१ मध्ये "काळी बुरशी" या नावानं सगळे घाबरले होते, म्हणून स्पष्ट करतो. तो म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड अशा कारणांनी प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांचा आजार. भिंतीवरचे काळे ठिपके म्हणजे तो नव्हे. भिंतीवर बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस वगैरे मंडळी असतात. रंगावरून किती घातक ते ठरत नाही, काळी असो वा हिरवी, साफच करायची.

साफ करताना मूल घरात नको. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. कोरडं खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्यानं ओलं करून मग पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या, भिंत पूर्ण वाळवा. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून मारण्यापेक्षा काढणं महत्त्वाचं.

झणझणीत
ब्लीच मारून एका रात्रीत भिंत पांढरी होते, स्वानुभव. एवढं पुसत कोण बसतंय?

दवाखाना_बंद
@झणझणीत, पांढरी होते, कारण ब्लीच रंग उडवतं. टाइलवर ठीक आहे. गिलाव्यात आणि प्लायमध्ये मात्र क्लोरीन वरच संपतं आणि पाणी तेवढं आत जातं. आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी : ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

शुक्रवारातला_वाडा
व्हिनेगरचं निघालंच आहे तर, शहाबादी, कडप्पा, संगमरवर, चुन्याची भिंत यांवर ते वापरू नका. सगळे चुनखडीचेच भाऊबंद, आम्लानं खरबरीत होतात. आमच्या ओट्याच्या कडप्प्यावर पाहुण्यांनी लिंबू घासून ठेवलंय, तो डाग आता घराण्याचा वारसा आहे.

महाद्वार_रोड
अवांतर : धाग्यात चामड्याच्या पट्ट्याचा विषय आला म्हणून. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, पाण्याशी त्याचं जमत नाही. पावसात घालू नका, हे सगळे ऐकतात. पण चार महिने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकतात, तिथं लव धरते. कोरड्या ब्रशनं बाल्कनीत झाडा, सावलीत वाऱ्याला ठेवा, कडक ऊन नको, तळवा वाकतो. मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून उघड्या फळीवर. कागद दमट लागला की बदला.

पेठेतला_पैलवान
वर्तमानपत्राचा उपयोग एकदाचा कळला.

साडीवाली_वहिनी
साड्यांसाठी : डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, आणि जरीला लागल्या तर जर काळी पडते. मलमलच्या जुन्या कपड्यात बांधा, घड्या मोडून परत घाला. बाजारात कपाटात ठेवायचे डबे मिळतात, पांढरे खडे वर आणि खाली पाणी साठतं, ते कॅल्शियम क्लोराइड. चांगले चालतात, पण डबा कलंडला तर ते पाणी साडीला आणि लोखंडी कपाटाला खातं. मी तळाच्या कप्प्यात, वाटीत ठेवते. वरच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की गरम करून परत कोरड्या होतात.

दवाखाना_बंद
माझंही एक अवांतर. पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी येते, तेव्हा खराब दाणे निवडून बाकीचे कुटात घालायची पद्धत आहे. तसं करू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून जात नाही.

सुमाक्का
हे मात्र माहीत नव्हतं. उद्याच डबा बघते.

चौथा_मजला
अपडेट. दोन्ही फॉइल काढल्या. खिडकीखालची : भिंतीकडून चक्क थेंब. कपाटामागची : भिंतीकडून कोरडी, खोलीकडून दमट. @ओळंबा, तुम्ही म्हणालात तसंच.

ऑनलाइन एक आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मागवलं, काही शे रुपयांचं. कपडे वाळत असताना बेडरूममध्ये ८८. कपडे बाथरूममध्ये हलवले, कपाट पुढं ओढलं, तर ७४ वर आलं. काहीही विकत न घेता.

आता बाहेरच्या भिंतीचं. अध्यक्ष म्हणतात, ओल तुमच्या फ्लॅटच्या आत दिसतेय म्हणजे खर्च तुमचा.

कुलमुखत्यार
तुमची नोंदणी सोसायटी म्हणून आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली? कोल्हापुरात अपार्टमेंट बऱ्याच आहेत. सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती आणि गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चानं, फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासाची सभासदाच्या. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र काढून बघा, बाहेरच्या भिंती सहसा सामाईक भागात धरलेल्या असतात. डाग कुठं दिसतो यावर नाही, पाणी कुठून शिरतं यावर ठरतं. तोंडी भांडू नका. फोटो, फॉइलचा फोटो, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काढलेला भिंतीचा फोटो असं जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्या वरच्या-खालच्या फ्लॅटला त्याच रांगेत ओल असेल तर त्यांचीही सही घ्या.

चौथा_मजला
खालच्या काकांकडं आहे, त्यांनी त्यावर कॅलेंडर लावलंय.

पेठेतला_पैलवान
बघा, माझा उपाय लोक वापरतात.

ओळंबा
आता क्रम सांगतो. ठिपके डॉक्टरांनी सांगितलं तसे पुसून काढा. खिडकीखालची फुगलेली पुट्टी खरवडून गिलावा उघडा ठेवा, त्यावर काहीही लावू नका. चौकटीच्या बाहेरच्या कडेला एखाद्या उघडिपीच्या दिवशी, जागा कोरडी असताना, सिलिकॉन सीलंट भरून घ्या. ती तात्पुरती मलमपट्टी. खरं काम दिवाळीनंतर : बाहेरून झुला लावून चिरा व्ही आकारात कापून भरायच्या, कठड्याला उतार आणि खाच द्यायची, मग बाहेरून लवचीक वॉटरप्रूफ कोट. त्यानंतर पाइपानं तासभर भिंतीवर पाणी मारून आत बघायचं. ही परीक्षा झाल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका. आतला रंग मार्चमध्ये.

गणपतीत ती खोली पाहुण्यांना देऊ नका, एवढंच. मखर त्या भिंतीला नसेल अशी आशा.

चौथा_मजला
मखर हॉलमध्ये, पूर्वेच्या भिंतीला. रंगाऱ्याला फोन करून मार्चची तारीख दिली, तो म्हणाला, "मार्चपर्यंत दर वाढंल बघा ताई." सासूबाई आणि हे दोघंही आपणच बरोबर होतो असं म्हणतायत.

मग डीह्युमिडिफायर घ्यायचा की नाही?

हिशोबनीस
आत्ता नको. ७४ वर आलाय, अजून काही दिवस घड्याळ बघा. खिडकीखालून पाणी येत असताना तो लावला तर भिंत पुरवत राहणार आणि मशीन उपसत राहणार, वीजबिल तुमचं. चिरा भरल्यावरही पुढच्या पावसाळ्यात खोली ७० च्या वर राहिली तर घ्या. घेतलात तर कॉम्प्रेसरवाला. छोटा, गोंडस, टेबलावर ठेवायचा पेल्टियरवाला (कॉम्प्रेसर नसलेला) दिवसभरात पेलाभर पाणी काढतो, तेवढं तर आपण खोलीत झोपून सोडतो. एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा.

@मिरजेची_तार, तुम्हाला मात्र घ्या असंच सांगेन. एक छोटी खोली बंद करून ५०-५५ वर ठेवली की वाद्यं, पुस्तकं, कॅमेऱ्याची लेन्स सगळं तिथं राहील.

मिरजेची_तार
बायको म्हणते, त्या खोलीत मग साड्या पण ठेवू. डग्गा परत हॉलमध्ये.

चौथा_मजला
एक शेवटचा प्रश्न. शेजारच्या काकू त्या टाकीतलं पाणी "डिस्टिल्ड आहे" म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. चालतं का?

हिशोबनीस
नको म्हणावं त्यांना. ते गार नळीवरून, धूळ आणि धातूचे कण घेऊन उतरलेलं असतं, टाकीत शेवाळही धरतं. बॅटरीचं पाणी दुकानातूनच आणा. हे फरशी पुसायला वापरा.

झणझणीत
आणि फरशी पुसल्यावर ते परत हवेत जाईल, मग परत टाकीत येईल. काकूंचा वेळ चांगला जातोय.